चौदा नंबरचं नाक

दोन हजार एकेचाळीस सालच्या जानेवारीत कुडाळच्या दहा दिवसांच्या वर्गाला हजर राहण्याचं पत्र आलं, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि सव्वीस वर्षं गोचिडांवर काम करत होते. 'जीवशास्त्रज्ञांसाठी प्रोग्रॅमिंग आणि माहितीचं विश्लेषण. उपस्थिती सक्तीची,' असं त्यात लिहिलं होतं. नवा नियम आला होता. ज्याची अहवालावर सही, त्याला अहवालामागचे आकडे स्वतः तपासता आले पाहिजेत. मी ते पत्र खणात टाकलं आणि दोन दिवस विसरून जायचा प्रयत्न केला.

मी हेमांगी देऊलकर. दोडामार्ग तालुक्याच्या एका टोकाला आमचं माकडताप निरीक्षण केंद्र आहे. केंद्र म्हणजे मी, एक सहायक आणि एक जुनी जीप. माकडताप हा गोचिडांमधून पसरणारा विषाणूचा आजार. जंगलातली माकडं त्याने आधी मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचिडं खाली पालापाचोळ्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काजूची बोंडं गोळा करायला माणसं बागेत शिरतात. दर वर्षी चारदोन माणसं तरी दगावायचीच.

पूर्वी आम्ही पांढरं फ्लॅनेलचं कापड पाल्यावरून ओढत न्यायचो आणि त्याला चिकटलेली गोचिडं मोजायचो. मग 'नाकं' आली. कागदोपत्री त्यांचं नाव वायुवाचक, पण तालुक्यात सगळे नाकंच म्हणतात. झाडाला बांधलेली, डब्याएवढी पेटी. प्रत्येक प्राण्याच्या अंगातून सतत काही ना काही झडत असतं. त्वचेचे कण, केस, वाळलेली विष्ठा. त्यातले डीएनएचे तुकडे धुळीबरोबर हवेत तरंगतात. नाकातला पंखा ती हवा एका गाळणीतून ओढतो, आतली चिप गाळणीवरचे तुकडे वाचते आणि कुठला तुकडा कुठल्या प्राण्याचा ते ओळखते. दर सहा तासांनी आकडे पुण्याला जातात. तिथला मोठा प्रोग्रॅम त्यावरून धोका ठरवतो आणि माझ्या पडद्यावर तालुक्याची एक रेघ आणि एक रंग येतो. हिरवा, पिवळा किंवा लाल.

तालुक्यात अशी एकोणतीस नाकं होती. तीन वर्षं रंग हिरवा होता. मी दर सोमवारी हिरव्याखाली सही करत होते. पांढरं कापड घडी करून कपाटात ठेवून दिलं होतं.

कुडाळला गेले ती चिडूनच.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. मासेवाले, भातवाले, एक साप अभ्यासणारा मुलगा, एक बुरशीवाली. शिकवायला मिरजेचे इम्तियाज मुजावर होते. वय चाळीसच्या आतबाहेर. विमा कंपनीत पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहून ते आता हे वर्ग घेत फिरत. ते जन्मापासून अंध होते. कानात एक छोटं यंत्र, आणि ते यंत्र पडद्यावरची अक्षरं त्यांना इतक्या वेगाने वाचून दाखवायचं, की शेजारी बसलं तर पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू यायचं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, हे सगळं आता यंत्रच करतं. मराठीत विचारलं की उत्तर देतं. मी या वयात प्रोग्रॅम लिहायला शिकून काय करू?"

"यंत्राकडून लिहून घ्या की," ते म्हणाले. "माझी काही हरकत नाही. मीसुद्धा घेतो. फक्त त्याने काय लिहिलंय ते मला ओळीओळीने समजावून सांगा. जिथे सांगता येणार नाही तिथे थांबायचं. एवढाच वर्ग आहे."

मला दुसऱ्याच ओळीला थांबावं लागलं.

ते दिवस मला अजून आठवतात. कंस उघडा राहायचा आणि सगळं अडून बसायचं. साप अभ्यासणारा मुलगा दहा मिनिटांत उरकायचा आणि मी तासभर त्याच लाल ओळीकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुजावर सरांना म्हटलं, की मी उद्यापासून येत नाही.

"गोचीड डोळ्यांनी ओळखायला तुम्हाला किती दिवस लागले?" त्यांनी विचारलं.

"दिवस? दोन वर्षं. पिल्लू असेल तर अजूनही भिंगाखाली धरावं लागतं."

"मग मला तीन दिवसांत कशाला सोडून जाता?" असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी थांबले. त्यांनी समजूत घातली असती तर बहुतेक गेले असते.

चौथ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने सात ओळी लिहिल्या. माझ्या फाइलमध्ये किती नोंदी आहेत, एवढंच त्यातून कळायचं. आकडा आला, आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला फोन केला. तो बँकेत होता. त्याला वाटलं काहीतरी झालं. "काही नाही," मी म्हटलं, "मोजलं." तो हसला नाही. "किती?" असं त्याने विचारलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सहाव्या दिवशी प्रत्येकाने आपापली माहिती घेऊन सरांशेजारी बसायचं होतं. मी तालुक्याचा आलेख उघडला आणि सवयीने म्हणाले, "हे बघा, रेघ अगदी..." आणि गप्प झाले.

"रेघ मला नको," ते म्हणाले. "एका नाकाचे आकडे द्या. कुठलंही नाक."

मी चौदा नंबर दिला. तो कोनशेत गावातल्या काजूच्या बागेत होता. सर ऐकत बसले. कानातलं यंत्र कुजबुजत होतं. मध्येच त्यांनी बोट वर केलं.

"गोचिडांचा हा आकडा कशाचा?"

"हवेत दिवसभरात गोचिडांचे किती तुकडे सापडले त्याचा."

"रोजचा?"

"हो, रोजचा."

"एकतीस, एकतीस, एकतीस, एकतीस," ते म्हणाले. "जानेवारीच्या पाच तारखेपासून पुढे रोज एकतीस. मॅडम, तुमचं जंगल इतकं शिस्तीचं आहे का?"

मी पडद्याकडे वाकले. खरंच एकतीस होते. एकाखाली एक, रांगेत. तीन वर्षांत मी एका नाकाचे आकडे कधी उघडलेच नव्हते. मला दिसायची ती एकोणतीस नाकांची मिळून एक रेघ, आणि ती छान हलत असायची.

"हे असं का?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी विम्यातला माणूस. तुम्ही शोधा."

त्यांनी मला बसवून प्रोग्रॅम लिहून घेतला. प्रत्येक नाकासाठी, सलग किती दिवस आकडा जसाच्या तसा राहिला ते मोजायचं. चौतीस ओळी झाल्या. यंत्राची मदत घेतली, पण प्रत्येक ओळ सरांना समजावून सांगितल्याशिवाय पुढे गेले नाही. दीड दिवस लागला. उत्तर असं होतं, की जानेवारीतल्या सतरा दिवसांपैकी चौदा नंबरचे तेरा दिवस बनावट होते. एकोणतीसपैकी एकवीस नाकांची हीच गत होती.

मग मी त्या मोठ्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका काढली. तिच्या दोनशे अकराव्या पानावर लिहिलं होतं: एखाद्या दिवशी एकूण तुकडे फार कमी मिळाले तर तो दिवस सदोष समजावा आणि त्याजागी मागच्या तीस चांगल्या दिवसांची सरासरी भरावी. वाक्य वाचायला निरुपद्रवी होतं. ज्याने लिहिलं त्याचाही हेतू वाईट नसणार. पण त्याने काजूची बाग पाहिलेली नव्हती. जानेवारीत काजूचा उरलेला मोहर फुलतो, वाटा कोरड्या पडतात, धूळ आणि परागकण गाळणीवर बसतात. हवा कमी ओढली जाते आणि एकूण तुकडे घटतात. म्हणजे गोचिडांचा हंगाम सुरू झाला की नाकं चोंदत होती, आणि प्रोग्रॅम त्या जागी हंगामाआधीच्या निरोगी डिसेंबरचे आकडे भरत होता.

टाकून दिलेले दिवस वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवलेले होते. ती आजवर कुणी उघडली नव्हती. मी उघडली. तुकडे थोडेच होते, पण त्यांत गोचिडांचा वाटा नेहमीच्या चौपट होता. आणि चौदा नंबरच्या नाकात नऊ जानेवारीनंतर माकडाचा एकही तुकडा नव्हता.

"नमुना लहान आहे," सर म्हणाले. "यावर किती भरवसा ठेवायचा?"

"थोडाच. पुढचं जागेवर जाऊन बघावं लागेल."

"मग वर्गात काय करताय?"

तीन दिवस शिल्लक होते. मी बॅग भरली. निघण्याआधी मात्र मी आणखी एक गोष्ट केली. तोच प्रोग्रॅम मागच्या वर्षीच्या मार्चवर चालवला. चौदा नंबर, एकतीसपैकी सव्वीस दिवस बनावट. टाकून दिलेल्या त्या दिवसांतही गोचिडांचा वाटा असाच चौपट होता.

मागच्या मार्चमध्ये कोनशेतच्या वासुदेव गवसांना ताप आला आणि नवव्या दिवशी ते गेले. मरायच्या पंधरा दिवस आधी ते खानापूरला एका लग्नाला गेले होते. पडद्यावर हिरवा रंग होता, म्हणून मी अहवालात लिहिलं, 'संसर्ग तालुक्याबाहेरचा.' खाली माझी सही होती.

कोनशेतला मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. चौदा नंबरचं नाक गवसांच्याच बागेच्या कडेला होतं, त्यामुळे अंगणात पहिल्यांदा भेटल्या त्या वासुदेवांच्या पत्नी, शेवंतीताई. घर दोन भागांत होतं. पलीकडच्या भागात दीर आणि जाऊ राहत होते. मधे नव्याने घातलेलं कुंपण दिसत होतं.

"शेवंतीताई, बागेत माकडं येतात का हल्ली?"

"नाय हो बाई. धा-बारा दिस झाले, एक केलडा दिसूक नाय. सगळे म्हणतत, बरा झाला, बोंडा तरी रवतली."

मी पायांना औषधी तेल चोळलं, गमबूट चढवले आणि कपाटातून आणलेलं पांढरं कापड घेऊन बागेत शिरले. नाकापासून साठ पावलांवर ओढ्याच्या उतारावर वास आला. तीन माकडं होती, दोन मोठी आणि एक पिल्लू. त्यांच्याभोवतीच्या पाल्यावरून मी कापड एकदाच ओढलं. उलटून पाहिलं तर पांढऱ्यावर मिरपूड उधळावी तसं ते भरलेलं होतं. मी मोजलं. एकशे सदतीस.

परत अंगणात आले तेव्हा शेवंतीताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मागच्या वर्षीचं सांगायचं असेल तर तीच वेळ होती. मी पाणी प्यायले, "बागेत कुणीही जाऊ नका, मी निरोप देते," एवढंच म्हटलं आणि जीपकडे गेले. भ्याले, एवढंच त्याचं कारण.

पुण्याला डॉ. राजाध्यक्ष माझे वरिष्ठ होते. त्यांना फोन लावला.

"सोमवारपासून पहिली बोंडं वेचायला सुरुवात होतेय," मी म्हटलं. "सर, सात गावांच्या बागा पंधरा दिवस बंद करायला हव्यात. आणि प्रतिपिंडांची इंजेक्शनं इथे आणून ठेवायला हवीत."

ती इंजेक्शनं तेव्हा नवीन होती. ताप आल्यापासून तीन दिवसांत मिळाली तर माणूस वाचायचा, उशीर झाला तर उपयोग शून्य. साठा थोडा असल्यामुळे ज्या तालुक्याचा रंग लाल, तिकडेच तो जायचा.

"पडदा हिरवा आहे, हेमांगी."

"पडदा चुकतोय."

"हे तू एका आठवड्याच्या वर्गाच्या जोरावर सांगतेस?"

"वर्गाच्या आणि एकशे सदतीस गोचिडांच्या."

ते म्हणाले, "लाल लिहिलंस आणि काही निघालं नाही, तर सात गावांचा हंगाम बुडवल्याचं खापर तुझ्या एकटीच्या डोक्यावर फुटेल. मला वाचवता येणार नाही."

"मी प्रोग्रॅम पाठवते. तुम्ही तुमच्याकडे चालवून बघा. माझी चूक असेल तर ओळ नंबर सांगा."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. आयुष्यभर मी वरिष्ठांना 'माझ्या अनुभवानुसार' असं म्हणत आले होते, आणि ते आपल्या अनुभवाने ते खोडत आले होते. आता मी त्यांच्या हातात चौतीस ओळी देत होते आणि त्यांना त्या नाकारायच्या असतील तर आधी वाचाव्या लागणार होत्या.

त्यांच्या उत्तराची वाट न बघता मी अहवाल लाल केला, सही केली आणि सरपंचांना फोन सुरू केले. अडीच तासांनी राजाध्यक्षांचा फोन आला.

"आमच्याकडेही एकवीसच आली," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "शेजारच्या दोन तालुक्यांतही हेच आहे. इंजेक्शनं संध्याकाळच्या गाडीने निघतायत. आणखी काय हवंय ते सांग."

त्यांना मी पुष्कळ वर्षं ताठ माणूस समजत होते. त्या अडीच तासांत त्यांनी स्वतः बसून ओळी वाचल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

बागा पंधराऐवजी अठरा दिवस बंद राहिल्या. लोक रागावले, एका गावात मला ग्रामपंचायतीच्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं. गाळण्या आठवड्याला बदलायला सुरुवात झाली. गावोगावच्या आशाताई रोज घरोघर ताप बघत होत्या. त्या हंगामात सात गावांत मिळून अकरा जणांना माकडताप झाला. अकराही जणांना दुसऱ्या दिवसाच्या आत इंजेक्शन मिळालं, आणि सगळे घरी परतले. त्यांतला एक तर, मला दोन तास बसवून ठेवणारा उपसरपंच होता. बरा झाल्यावर तो केंद्रावर पिशवीभर काजूगर घेऊन आला, टेबलावर ठेवले आणि निघून गेला.

एप्रिलमध्ये मी मुजावर सरांना फोन केला. अकरा जणांचं सांगितलं. आभार मानायला लागले तर त्यांनी तोडलं. "चौतीस ओळी तुम्ही लिहिल्यात. मी फक्त ऐकत होतो."

"सर, ऐकणारं कुणी नव्हतंच. मी सव्वीस वर्षांत जेवढे वर्ग केले त्यांत मला माहीत असलेलंच कुणीतरी मला परत सांगायचं. तुम्ही मला माहीत नसलेलं काढून दाखवलंत आणि उठून जाऊ दिलं नाहीत. एवढं मला म्हणू द्या."

"म्हणा," ते म्हणाले. "बरं वाटलं."

मग मी त्यांना वासुदेव गवसांचं सांगितलं. हे आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. "आता सांगून त्या बाईंचं दुःख कशाला वाढवू, असं वाटतं."

"वाढेल की नाही ते तुम्ही कसं ठरवणार?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. खरोखरच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी कोनशेतला गेले. शेवंतीताई अंगणात बिया वाळत घालत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. नाकं चोंदली होती, आकडे खोटे होते, मी न बघता सही केली. बागेत धोका आहे हे मला तेव्हा कळलं असतं तर वासुदेवांना आत जाऊ दिलं नसतं. हात जोडले. त्या काय म्हणतील याची मी तीन महिने निरनिराळी कल्पना केली होती.

त्या बराच वेळ बियांवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या घोवान भायरसून ताप आणूक नाय?"

"नाही. खानापूरचा काही संबंध नाही. इथेच, बागेत चावलं त्यांना."

"तुमी नक्की सांगतास?"

"नक्की."

त्या खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बोलायला लागल्या. वासुदेवांच्या पाठोपाठ दिराचा धाकटा मुलगाही तापाने अंथरुणाला खिळला होता. तो वाचला, पण महिनाभर इस्पितळात होता. माझा अहवाल गावात वाचला गेला होता. भावाने लग्नाची मजा मारून घरात रोग आणला, असं दीर म्हणाले. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, पण ते अहवालात लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद. बाराव्यालाही ते आले नव्हते. कुंपण त्यानंतरचं.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या त्या दोन शब्दांनी एका घराचे दोन तुकडे झाले होते आणि मी पुढच्या सोमवारी पुढची सही केली होती.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्या माका लिवन देशात?"

जुना अहवाल दुरुस्त करून पुण्याला पाठवायचाच होता. तो मी तिथेच ओट्यावर बसून आधी कागदावर लिहिला, मराठीत, कुणालाही कळेल असा. वासुदेव गवस यांना संसर्ग कोनशेत येथे स्वतःच्या बागेत झाला. पूर्वीची नोंद चुकीची होती. चूक निरीक्षण केंद्राची आहे. नाव, तारीख, सही.

शेवंतीताईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "बरा केलास," एवढं म्हणून त्या कुंपणाला वळसा घालून पलीकडे गेल्या. दार उघडल्याचा आवाज आला. मी ओट्यावर बसून राहिले. जावं की थांबावं कळेना.

पाव तास गेला असेल. आधी शेवंतीताई आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. मागून जाऊ आली, आणि तिच्यामागे कागद हातात धरलेले दीर, कुंपणाच्या फटीतून वाकून, वळसा न घालता. ते माझ्याकडे न बघता भावाच्या ओट्याच्या पायरीवर बसले, आणि तिथेच बसून राहिले.

जाऊ माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, जेवल्याशिवाय जाव नकात. आज भात एकाच चुलीर चढवतंव."